जुन्या घंटीचा फोन नव्या लाइनवर वाजवायचा आहे? सांगलीकर नेहमी विचारतात ते प्रश्न

घरात फायबर आलं की माळ्यावरचा काळा फोन खाली उतरतो. आजोबांचा असतो, पेढीवरचा असतो, कधी जुन्या बाजारातून हौसेनं आणलेला असतो. पुसून, चकाकवून तो फायबरच्या नव्या डब्याला, म्हणजे मोडेमला जोडला जातो, मोबाईलवरून नंबर लावला जातो, सगळं घर भोवती गोळा होतं, आणि घंटी वाजत नाही. विश्रामबागेतल्या माझ्या टेबलावर गेली काही वर्षं असे फोन येत आहेत. मिरज, तासगाव, विटा, पलीकडून कराड-साताऱ्यातूनही येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

फोनवर बोलता येतं, समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण घंटी वाजत नाही. फोन खराब झालाय का?

बहुतेक वेळा नाही. बोलणं आणि घंटी ही फोनमधली दोन वेगळी कामं आहेत. बोलायला अगदी थोडी वीज पुरते. घंटीला मात्र लोखंडाचा तुकडा हलवून पितळी वाटीवर टोला मारायचा असतो, ती अंगमेहनत आहे. नवी लाइन बोलण्यापुरती वीज आरामात देते आणि घंटीच्या वेळी कमी पडते. तेव्हा फोन भंगारात द्यायची किंवा आतली घंटी काढून टाकायची घाई करू नका. आधी दोष कुठे आहे ते बघा. माझ्याकडे आलेल्या फोनांपैकी बरेचसे स्वतः ठणठणीत होते.

घंटीला नेमकं काय लागतं?

जुन्या तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधून दोन प्रकारची वीज येत असे. फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ ते ५० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज कायम असायची. कॉल आला की तिच्यावर साधारण ७५ व्होल्टची, २५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणारी एसी चढवली जायची. आपल्याकडची ती ओळखीची दुहेरी रिंग म्हणजे ०.४ सेकंद वाजणं, ०.२ सेकंद थांबणं, पुन्हा ०.४ सेकंद वाजणं आणि मग दोन सेकंद शांतता. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना हे आकडे वाचतानाच कानात ट्रिंग-ट्रिंग ऐकू येईल.

फोनच्या आत दोन कॉईल, म्हणजे तारेची वेटोळी असतात, त्यांच्याजवळ एक कायमचं चुंबक, आणि मध्ये तराजूच्या दांडीसारखं डोलणारं आर्मेचर. वीज एका दिशेनं गेली की आर्मेचर एका बाजूला झुकतं, उलट दिशेनं गेली की दुसऱ्या बाजूला. त्याला जोडलेला टोला दोन वाट्यांच्या मध्ये मागं-पुढं होतो. २५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला पन्नास टोले. ही रचना ग्रॅहम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ मध्ये केली, आणि पुढची शंभर वर्षं जगभरच्या फोनांत थोड्याफार फरकानं तीच राहिली. बंगळुरूला १९४८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे, म्हणजे आपल्या 'आयटीआय'चे डायलचे फोनही असेच चालतात.

घंटीच्या वाटेत एक कंडेन्सर (कपॅसिटर) असतो, बहुतेक फोनांत २ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. डीसी अडवायची आणि एसी जाऊ द्यायची, हे त्याचं काम. तो नसेल तर ठेवलेला फोनही लाइनला उचललेलाच वाटेल.

मग नव्या डब्यात काय कमी पडतं?

फायबरच्या मोडेमला मागं 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेलं जे भोक असतं, त्याच्यामागं एक छोटी चिप एक्स्चेंजचं सगळं काम करते. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या त्या डब्याला घंटीची वीज स्वतःच तयार करावी लागते. हल्लीच्या कॉर्डलेस किंवा बटणाच्या फोनला रिंग आल्याचा फक्त इशारा पुरतो, वाजायचं काम तो स्वतःच्या स्पीकरनं करतो. डबे त्याच फोनांसाठी बनवलेले असतात. त्यामुळे काही डबे ४०-५० व्होल्टच देतात. काही डब्यांत व्होल्टेज पुरेसं दिसतं, पण खरी घंटी जोडली की ते खाली बसतं. लाइटचं व्होल्टेज कमी झाल्यावर पंखा घरघरतो पण फिरत नाही, तशी घंटीची गत होते.

दोष फोनचा आहे की डब्याचा, घरच्या घरी कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे फोन अशा घरी न्या जिथं तांब्याची लाइन अजून चालू आहे. तिथं वाजला तर फोन निर्दोष. पण अशी घरं झपाट्यानं कमी होत आहेत, म्हणून मल्टिमीटरचा मार्ग सांगतो.

मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवा. आधी फोन न जोडता, डब्यातून येणाऱ्या वायरच्या दोन टोकांवर मीटर लावा आणि मोबाईलवरून आपलाच नंबर फिरवा. आकडा रिंगबरोबर वर-खाली होईल, त्यातला सगळ्यात मोठा लिहून घ्या. मग फोन जोडून हेच पुन्हा करा. मागच्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर आलेल्या एका डब्यानं मोकळं असताना ६२ दाखवले आणि घंटी जोडताच ३१. टोला जागच्या जागी थरथरत होता, वाटीपर्यंत पोचत नव्हता. तोच फोन इंटरनेट फोनच्या चांगल्या अडॅप्टरवर लावला तर शेजारच्या दुकानातून माणूस बघायला आला. फोन जोडल्यावर आकडा पन्नासच्या पुढे टिकत असेल आणि तरीही घंटी गप्प असेल, तर मात्र फोन उघडायला हवा.

हे करताना रिंग चालू असेल तेव्हा उघड्या तारांना बोट लावू नका. झटका चांगलाच बसतो. पकडीनं धरायच्या क्लिप असलेली मीटरची वायर वापरा, कॉल लावायच्या आधी क्लिपा अडकवा आणि हात बाजूला घ्या. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावं.

फोन उघडला. आता काय बघू?

वायर काढूनच उघडा. पहिली गोष्ट डोळ्यांनी बघा, मीटर नंतर. तासगावहून आलेल्या एका फोनात आर्मेचर आणि कॉईलच्या मधल्या फटीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. हळदीच्या पेढीवरच्या एका फोनात वाट्यांच्या खाली, कॉईलच्या कडेनं आणि आर्मेचरच्या बिजागरीत पिवळी पूड दाबून बसली होती. दमट हवेनं ती खडूसारखी घट्ट झाली होती. रंगाच्या सुक्या ब्रशनं अर्धा तास काढला, वर्तमानपत्रावर हळदीचा ढीग झाला, आणि दुसरी काहीही दुरुस्ती न करता तो फोन वाजला. बिजागरीत तेल मात्र घालू नका. धूळ त्याला चिकटते आणि सहा महिन्यांत आर्मेचर पुन्हा अडतं.

मग बोटानं टोला हलवून बघा. तो दोन्ही बाजूंना सहज जाऊन प्रत्येक वाटीवर एकेक स्वच्छ आवाज आला पाहिजे. नंतर कॉईलचा रोध मोजा. फोनच्या जातीप्रमाणे तो काहीशे ते काही हजार ओहम असेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली आहे. पुष्कळदा तार आत नव्हे, बाहेर येते त्या टोकाशी तुटलेली असते आणि बारीक डाग देऊन जोडता येते.

रिंग एकदाच टण् होते आणि कॉल लगेच उचलल्यासारखा होतो. किंवा फोन जोडला की लाइन कायम एंगेज लागते.

हा कंडेन्सरचा रोग. जुने कंडेन्सर कागदाचे असतात, त्यांत वर्षानुवर्षं दमट हवा शिरते आणि ते डीसी गळू देतात. डब्याला वाटतं कुणी रिसिव्हर उचलला, आणि तो रिंग थांबवतो. कंडेन्सर पूर्ण सुकला असेल तर उलट होतं, घंटीपर्यंत वीजच पोचत नाही.

दुकानात २ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मागा, २५० व्होल्ट किंवा त्याहून जास्तीचा. २.२ मिळाला तरी चालतो. इलेक्ट्रोलायटिक अजिबात नको. त्याला उलट-सुलट दिशा असते आणि इथं तर वीज सतत दिशा बदलते. व्होल्टचा आग्रह अशासाठी की ७५ व्होल्टच्या एसीचं शिखर शंभरावर जातं आणि त्यात खालची डीसी मिळते, म्हणजे कंडेन्सरवर दीडशेच्या आसपास ताण येतो. घरात पडलेला १ मायक्रोफॅरडचा लावून भागेल का, असं बरेच जण विचारतात. २५ हर्ट्झला २ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे ३,२०० ओहम असतो, १ चा त्याच्या दुप्पट. आधीच कमी येणाऱ्या विजेत तेवढी आणखी घट कशाला? जुना कंडेन्सर फेकू नका, वायर सोडवून जागेवरच राहू द्या. फोनचं मूळ रूप तसंच राहतं.

डब्याच्या सेटिंगमध्ये काही बदलता येतं का?

डबा तुमचा स्वतःचा असेल, म्हणजे तुम्ही इंटरनेट फोनसाठी वेगळा अडॅप्टर घेतला असेल, तर हो. त्याच्या सेटिंगच्या पानावर रिंग फ्रिक्वेन्सी, काहींत रिंग व्होल्टेज आणि वेव्हफॉर्म (विजेच्या लाटेचा आकार) असे पर्याय असतात. आपल्या फोनला फ्रिक्वेन्सी २५ ठेवा. दुबळीच वाजली तर २० करून बघा. व्होल्टेज जास्तीत जास्त करा. वेव्हफॉर्म साइन आणि ट्रॅपेझॉइड दोन्ही लावून ऐका, कोणती घंटी कशावर खुलते ते कानानंच कळतं. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी मालिकेतल्या अडॅप्टरांत जास्त ताकदीच्या रिंगचा वेगळा पर्याय आहे, तो चालू करा.

कंपनीनं दिलेल्या फायबरच्या डब्यात हे पर्याय सहसा कुलूपबंद असतात. तिथं डबा आणि फोनच्या मध्ये रिंग बूस्टर लावणं हा मार्ग उरतो. तो कमजोर रिंग ओळखतो आणि स्वतःच्या अडॅप्टरवरून जोरकस रिंग फोनला देतो. घेताना तो खऱ्या घंटीच्या फोनसाठी आहे ना, हे विचारून घ्या. रिंग आली की दिवा लावणारी किंवा भोंगा वाजवणारी यंत्रंही त्याच नावानं विकली जातात.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. बऱ्याच घंट्यांत आर्मेचरला एका बाजूला ओढून धरणारी बारीक स्प्रिंग असते. ती सैल खाचेत सरकवली की टोला थोड्या विजेवरही हलतो. काठावर असलेले कितीतरी फोन मी नुसत्या या एका खाचेवर वाजते केले आहेत.

डायल फिरवताना घंटी किणकिणते.

स्प्रिंग सैल केली असेल तर हे होणारच, कारण तिचं खरं काम तेच थांबवणं आहे. फोनच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावून बघा. आर्मेचर ज्या दिशेला ओढलेलं असतं त्याच दिशेनं डायलचे झटके आले की ते हलत नाही. निम्म्या वेळा एवढ्यानंच भागतं.

डायल फिरवून नंबर लागतो का?

घंटी वाजते आणि कॉल घेता येतो, पण डायलवरून नंबर लागेलच असं नाही. डायल सेकंदाला दहा या वेगानं लाइन तोडते-जोडते, पाच फिरवला की पाच झटके, शून्याला दहा. बरेच डबे फक्त बटणांचे सूर ओळखतात, झटके ओळखत नाहीत. रिसिव्हर उचलून डायल टोन आला की १ फिरवा. टोन थांबला तर डब्याला झटके कळतात. चालूच राहिला तर झटक्यांचे सूर करून देणारा पल्स-टू-टोन कन्व्हर्टर लागेल. तो छोटा असतो, फोनच्या पोटातही बसतो.

आणखी एक अडचण. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावा लागतो, म्हणजे अकरा आकडे झाले. डायलवर त्याला वीसएक सेकंद सहज लागतात. मध्येच विचार करत थांबलात तर डबा समजतो नंबर संपला. कागदावर लिहून समोर ठेवा आणि न थांबता फिरवा.

परदेशी फोन ऑनलाइन घेतला, चालेल?

ब्रिटिश फोन असेल तर त्याची वायर बघा. तिथं १९८१ पासून नव्या पद्धतीचे सॉकेट आले आणि घंटीचा कंडेन्सर फोनमधून निघून भिंतीवरच्या सॉकेटमध्ये गेला. जुने फोनही त्या सॉकेटसाठी आतून बदलले गेले. असा फोन आपल्याकडे नुसत्या दोन तारांवर लावला की बोलता येतं, पण घंटी मुकी राहते. घंटीसाठीच्या तिसऱ्या तारेची जोडणी बदलून कंडेन्सर पुन्हा घंटीच्या वाटेत आणावा लागतो. अमेरिकन फोन बहुधा अडचण देत नाहीत. फक्त एकाच लाइनवर अनेक घरं असायची, त्या काळातले काही फोन ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच वाजणारे असतात. तसला पदरी पडला तर तो शोभेलाच ठेवावा लागेल.

हँडल फिरवायचा लाकडी फोन आहे. तो वाजेल का?

वाजेल, पण थेट जोडू नका. अशा हँडलच्या, म्हणजे मॅग्नेटो फोनची घंटी बहुधा कंडेन्सरशिवाय थेट लाइनवर असते, त्यामुळे डब्याला तो कायम उचललेलाच वाटतो. घंटीच्या वाटेत एकसरीत (एकामागं एक) २ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घाला, मग वाजते. आतल्या जनरेटरच्या तारा मात्र आधी सोडवा. लहान मूल हौसेनं हँडल फिरवणारच, आणि त्यातून निघणारे सत्तर-ऐंशी व्होल्ट डब्याच्या चिपमध्ये शिरले की डबा गेला. बोलण्यासाठी या फोनला स्वतःचे दोन सेल लागतात, ते वेगळं प्रकरण आहे.

वर आणि खाली असे दोन घंटीचे फोन एकाच लाइनवर चालतील?

तांब्याच्या लाइनवर चालायचे. फायबरच्या डब्यावर एकच घंटी ठेवा आणि दुसऱ्या फोनची घंटी आतून सोडवा. बोलता दोन्हीकडून येईल.

लाइट गेल्यावर?

जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायची, म्हणून गाव अंधारात असतानाही फोन वाजायचा. आता डबा बंद म्हणजे फोन बंद. घरात वयस्कर माणसं असतील आणि ती याच फोनवर विसंबून असतील, तर मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्याच. त्याचा व्होल्ट आणि अँपिअर मोडेमच्या अडॅप्टरवर छापलेल्या आकड्यांशी जुळवून घ्या. बूस्टर लावला असेल तर त्यालाही वीज लागते.

घरी लँडलाइनच नाही, फक्त मोबाईल आहे.

दोन मार्ग आहेत. सिम घालायचा टेबल-डबा मिळतो, त्याला मागं साधा फोन जोडायची जागा असते. दुसरा मार्ग म्हणजे ब्लूटूथनं मोबाईलशी जोडला जाणारा डबा. मोबाईलवर कॉल आला की काळा फोन वाजतो. दोन्हींत घंटीची ताकद आणि डायलचे झटके हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारा, जमलं तर फोन सोबत नेऊन वाजवून बघा.

फोन वाजत नसेल तर आत बझर किंवा मोबाईलची रिंगटोन बसवून द्याल का?

नाही. त्यासाठी घंटी काढावी लागते, आणि काढलेली घंटी घरात हरवते. नंतर तोच माणूस, किंवा त्याची मुलगी, मूळ घंटी शोधत येते. तशी घंटी सुटी मिळत नाही, दुसरा फोन मोडावा लागतो.

२०१९ च्या पुरात बुडालेला फोन अजून तसाच ठेवलाय. काही होईल?

कृष्णेचा गाळ बारीक असतो आणि सुकल्यावर सिमेंटसारखा धरतो. तो खरवडू नका. वाट्या, डायल, रिसिव्हर सुटे करा, फोटो काढत जा म्हणजे वायरी कुठल्या कुठं हा गोंधळ होत नाही. वाट्या आणि बाहेरचं कवच कोमट पाण्यात भिजवून ठेवा, मऊ ब्रशनं धुवा. कॉईलला पाणी लावायचं नाही. तिच्यावरचा गाळ सुक्या ब्रशनं काढायचा आणि मग ती काही दिवस उन्हाच्या कडेला, थेट उन्हात नव्हे, ठेवायची. कंडेन्सर बदलायचाच, तपासत बसू नका. कॉईलची तार आतून हिरवी पडली असेल तर मात्र ती गेली. गावभागातल्या एका घरातले दोन बुडालेले फोन आले होते. एकाची कॉईल आणि दुसऱ्याचं बाकी सगळं मिळून एक उभा राहिला.

घंटी वाजते, पण आवाज बद्द येतो.

वाट्यांचा स्क्रू मधोमध नसतो, जरा बाजूला असतो. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती टोल्याच्या जवळ किंवा लांब जाते. टोला स्थिर असताना त्याच्या आणि वाटीच्या मध्ये पोस्टकार्ड जाईल इतकीच फट ठेवा. टोला वाटीला टेकून राहिला तर ती कोंडते, फार लांब गेला तर आवाज पातळ होतो. एक वाटी लावून ऐका, मग दुसरी, मग दोन्ही.

एवढं करूनही एक वाटी बद्दच राहिली तर ती काढून दोरीला टांगा आणि पेन्सिलीनं वाजवा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरानं मला हे शिकवलं. त्यानं वाटी कानाजवळ धरली, एकदा वाजवली आणि नखानं दाखवलं, इथं चीर आहे. मला भिंग लावूनही ती आधी दिसली नव्हती. चीर गेलेल्या वाटीला डाग देऊन उपयोग नाही, दुसऱ्या मोडक्या फोनची लावावी लागते. बदलताना दोन्ही वाट्यांचा सूर वेगळा आहे ना ते बघा. एक जरा उंच, एक जरा खालची असते, आणि दोन एकसारख्या लावल्या तर रिंग शाळेच्या घंटेसारखी एकसुरी लागते.